दिव्याचे साक्षित्व

वेदान्ताशी ज्यांचा परिचय मराठी घरातून झाला त्यांच्या मनात बहुधा दोन दिवे जन्मभर तेवत राहतात. एक विद्यारण्यांचा. ‘पंचदशी’च्या ज्या दहाव्या प्रकरणाला ‘नाटकदीप’ असेच नाव पडले त्यातील तो नाट्यशाळेतला दिवा यजमानाला, सभासदांना आणि नर्तकीला कसलाही भेद न करता उजळतो, आणि खेळ आटोपून सगळी मंडळी निघून गेली, शाळा ओस पडली, तरीही पूर्ववत् प्रकाशत राहतो. दुसरा ज्ञानदेवांचा. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायातला तो घरात ठेवलेला दिवा कोणाला हुकूम करीत नाही, कोणाला मनाई करीत नाही, कोण कोणत्या उद्योगात गुंतला आहे हे जाणूनही घेत नाही, आणि तरीही त्याच्या असण्यामुळेच घरातले सारे व्यवहार चालतात. प्रवचनांतून, कीर्तनांतून आणि पाठशाळांतील अध्यापनातून हे दोन्ही दिवे इतक्या वेळा आपल्यापुढे धरले गेले आहेत की आत्मा साक्षी आहे, तो पाहतो पण करीत नाही, उजळतो पण लिप्त होत नाही, हा सिद्धान्त आपण जणू दिव्याच्या जामिनावरच पत्करला आहे.

त्या जामिनाची फेरतपासणी करण्याची वेळ आली आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत प्रकाशाच्या स्वभावाविषयी जे प्रयोगाने सिद्ध झाले, आणि अलीकडे सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर प्रकाश टाकून त्यांची जी फिरती यंत्रे घडवली गेली, त्यांनी दिव्याच्या अलिप्ततेचा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या दप्तरातून उचलून थेट तत्त्वचिंतकाच्या दारात आणून ठेवला आहे. दारात आलेल्या प्रश्नाला ‘हा आमच्या खात्याचा नव्हे’ असे सांगून परत पाठवण्याची सोय निदान आपल्या परंपरेत तरी नाही. कारण दृष्टान्त कसा असावा याविषयी आपल्याच शास्त्रकारांनी जितका काटेकोर विचार केला तितका क्वचितच दुसरीकडे झाला असेल. न्यायदर्शनाने दृष्टान्ताला आपल्या सोळा पदार्थांत स्वतंत्र स्थान दिले आहे, आणि गौतमांनी त्याचे जे लक्षण केले त्याचा आशय असा, की ज्या गोष्टीविषयी साधा लौकिक मनुष्य आणि चिकित्सक परीक्षक या दोघांचीही बुद्धी एकच कौल देते तीच दृष्टान्त होऊ शकते. दिव्याचा उजेड भांड्यावर पडला म्हणून भांडे जागचे हलत नाही, ही गोष्ट शेकडो वर्षे या कसोटीला पूर्णपणे उतरत होती. वैशेषिकांनी तेजाला उष्ण स्पर्श मानला होता हे खरे. परंतु तो स्पर्श तापवणाऱ्या तेजाचा. नुसत्या उजेडाने एखादी वस्तू ढकलली जाते असे मानण्याला लौकिकालाही कारण नव्हते आणि परीक्षकालाही नव्हते.

पहिली शंका आकाशातून आली. धूमकेतूचे पुच्छ नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेलाच पसरलेले असते, याचा विचार करताना योहान्नेस केप्लर याने १६१९ साली असे सुचवले की सूर्याचे किरणच ते द्रव्य मागे रेटीत असावेत. अडीच शतकांनंतर, १८७३ साली, जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने आपल्या विद्युत् आणि चुंबकत्वावरील ग्रंथात गणिताने दाखवून दिले की प्रकाशाला दाब असलाच पाहिजे. त्याच सुमारास विल्यम क्रुक्स याने निर्वात केलेल्या काचेच्या गोळ्यात हलक्या पात्यांचे एक चाक बसवले, आणि उजेड पडताच ते फिरू लागले, तेव्हा अनेकांना, प्रारंभी खुद्द क्रुक्सलाही, प्रत्यक्ष पुरावाच हाती आला असे वाटले. परंतु ते चाक उलट दिशेने फिरत होते. प्रकाशाच्या दाबाने फिरायचे तर चकचकीत बाजू मागे हटायला हवी होती. हटत होती ती काळी बाजू, आणि त्याचे कारण गोळ्यात उरलेल्या विरळ वायूचे तापणे हे होते. उजेडात फिरणारे प्रत्येक चाक हा प्रकाशाच्या कर्तृत्वाचा दाखला नव्हे, ही सावधगिरी त्या यंत्राने शिकवली, आणि पुढे मी ज्या यंत्रांविषयी लिहिणार आहे त्यांच्या बाबतीत ती पाळली गेली आहे, म्हणूनच त्यांच्या साक्षीला मी वजन देतो. निःसंदिग्ध निकाल लागला तो १९०१ च्या सुमारास. मॉस्कोमध्ये प्योत्र लेबेदेव याने आणि अमेरिकेत डार्टमथ येथे निकल्स आणि हल यांनी अत्यंत नाजूक तराजूंनी प्रकाशाचा दाब मोजला, आणि तो मॅक्सवेलच्या गणिताशी जुळला.

हा दाब किती अल्प असतो हेही सांगितले पाहिजे, कारण आपल्या पूर्वजांना तो न जाणवण्यात त्यांचा काही दोष नव्हता. पृथ्वीपाशी पोहोचलेले भर दुपारचे ऊन एक चौरस मीटर काळ्या पृष्ठभागावर जो भार टाकते तो अर्ध्या मिलिग्रॅम वजनापेक्षाही कमी भरतो. सबंध पृथ्वीवर पडणाऱ्या उन्हाचा रेटा एकत्र केला तर मात्र तो पन्नास-साठ हजार टनांच्या वजनाइतका होतो. पृथ्वीच्या प्रचंड वस्तुमानापुढे त्याचा परिणाम शून्यवत् असला तरी तो शून्य नाही. २०१० साली जपानने ‘इकारॉस’ नावाचे एक यान अवकाशात सोडले, आणि चौदा मीटर बाजूचे, कागदाहूनही कितीतरी पातळ असे शीड उलगडून ते नुसत्या सूर्यप्रकाशाच्या रेट्याने आपला वेग बदलू शकते हे दाखवून दिले.

प्रकाश वस्तूला केवळ पुढे ढकलतो असेही नाही. तो तिला पिळू शकतो. प्रकाशतरंगांचे कंपन जेव्हा एका पातळीत न राहता स्क्रूच्या आट्यांप्रमाणे वळत पुढे सरकते, तेव्हा त्या वर्तुळ-ध्रुवित प्रकाशाबरोबर कोनीय संवेगही वाहत असला पाहिजे, हे जॉन पॉइंटिंग याने १९०९ साली प्रतिपादिले. १९३१ साली आपल्याकडे रामन आणि भगवंतम् यांनी प्रकाशाच्या विकिरणाच्या अभ्यासावरून प्रकाशकणाला स्वतःचे परिवलन असल्याचा पुरावा मांडला, आणि १९३६ साली रिचर्ड बेथ याने बारीक तंतूला टांगलेली स्फटिकाची चकती अशा प्रकाशाने किंचित वळते हे प्रत्यक्ष मोजले. म्हणजे भारतात आणि भारताबाहेर हा प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या निकालात निघून आता नव्वद वर्षे होत आली. आपल्या व्यासपीठांवरचा नाटकदीप तेवढा अजून जुन्याच सनदेवर जळतो आहे.

आता सोन्याकडे वळू. सोन्याचा कण जेव्हा प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही लहान होतो, एका मीटरच्या अब्जांश भागाला नॅनोमीटर म्हणतात त्या मापाने काही दशके किंवा काही शतके भरावा इतका, तेव्हा त्याचा प्रकाशाशी असलेला संबंधच पालटतो. धातूत मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या स्पंदनाबरोबर सामुदायिकपणे मागेपुढे हेलकावू लागतात, आणि एखाद्या विशिष्ट तरंगलांबीला हा हेलकावा अतिशय जोर धरतो. या अनुस्पंदनामुळे तो इवलासा कण आपल्या भौमितिक आकाराच्या मानाने पुष्कळच अधिक प्रकाश अडवतो, काही शोषतो आणि काही विखुरतो. १८५७ साली मायकेल फॅरडे याने पाण्यात विखुरलेले सोने माणकासारखे लाल दिसते हे दाखवले होते, त्याचे कारण हेच. आपण ज्या धातूला देवाच्या मुकुटावर आणि लग्नाच्या मंगळसूत्रात पिवळाच ओळखतो, तो या सूक्ष्मावस्थेत रंग टाकून देतो आणि प्रकाशाशी असा काही जवळचा व्यवहार करू लागतो की त्याच्या इतर कोणत्याही गुणापेक्षा हा व्यवहारच त्याचे स्वरूप ठरतो.

२०१० साली बर्कली येथे शियांग झांग यांच्या प्रयोगशाळेत अशा सोन्याची एक मोटर तयार झाली. तिची लांबी-रुंदी सुमारे शंभर नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाच्या आसपास. आकार चार भुजांचा, प्रत्येक भुजा टोकाशी काटकोनात एकाच अंगाला वळलेली. युरोपीय लेखक त्याला गॅमाडियन म्हणतात. मराठी वाचकाला चित्र पाहताच ते स्वस्तिक म्हणून ओळखू येईल. आपल्या ऋषींना हे सारे ठाऊक होते असा निष्कर्ष त्यावरून काढण्याचा मोह काहींना होईल, आणि तो मोह मी मनापासून दूर सारतो. कारण त्याने ऋषींचाही मान राहत नाही आणि संशोधकांचाही. त्या आकाराची निवड एका निश्चित कारणासाठी झाली होती. ज्या आकृतीचे आरशातले प्रतिबिंब मूळ आकृतीवर पृष्ठभागावरच सरकवून बसवता येत नाही, जिला डावे-उजवे आहे, अशीच आकृती येथे हवी होती. तिच्यावर जो प्रकाश टाकला तो सरळ ध्रुवित होता, त्याच्या ठिकाणी स्वतःचा कोणताही पीळ नव्हता. भुजांमध्ये इलेक्ट्रॉन हेलकावू लागले, वाकलेल्या भुजांमुळे त्यांच्या हेलकाव्यांचे ताल मागेपुढे झाले, विखुरणाऱ्या प्रकाशाला एक वळण मिळाले, आणि त्या वळणाची प्रतिक्रिया म्हणून ती सोन्याची आकृती उलट अंगाला फिरू लागली. एवढेच नव्हे, तर जिच्या पोटात ती बसवली होती ती सिलिकाची चकती, घनफळाने तिच्या चार हजार पट मोठी असूनही, तिच्याबरोबर फिरली. प्रकाशाची तरंगलांबी बदलली की भुजांमध्ये निराळ्या प्रकारचे स्पंदन जागे होते, आणि मग तीच मोटर, त्याच जागी, उलट दिशेने फिरते.

या शेवटच्या वाक्याने मला पुष्कळ दिवस अडवून धरले आहे, कारण ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयतेचा जो आरोप येतो, त्याच्या उत्तराशी त्याचा सरळ संबंध पोहोचतो. जगात एक सुखी, एक दुःखी, एक राजा, एक रंक. मग हे निर्माण करणारा विषम आणि क्रूर नाही काय, अशी ती फिर्याद आहे. शंकराचार्य उत्तर देतात ते पर्जन्याच्या दृष्टान्ताने. पाऊस सगळ्या बीजांवर सारखाच पडतो, भात भाताप्रमाणे उगवते आणि जव जवाप्रमाणे, भेदाचे कारण बीजाच्या सामर्थ्यात आहे, पावसात नाही. तसा ईश्वर सर्वसाधारण कारण, आणि विषमता जिवाच्या कर्मांची. बर्कलीच्या मोटरने या उत्तराचा अर्धा भाग फार सुंदर रीतीने खरा करून दाखवला आहे. प्रकाश सरळ होता, वळण आकृतीत होते. आकृती आरशातल्यासारखी उलटी घडवली असती तर त्याच प्रकाशात ती उलट फिरली असती. परंतु उरलेला अर्धा भाग ती खरा करीत नाही. आकृती तीच ठेवून प्रकाशाचा वर्ण बदलला, तर दिशाही बदलते. म्हणजे देणारा केवळ साधारण कारण राहत नाही. तो कोणत्या वर्णाने येतो यावर घेणाऱ्याचे फिरणे अवलंबून असते. फळाचा तपशील एकट्या बीजाच्या खात्यावर टाकून देणाऱ्याला जबाबदारीतून मुक्त करण्याची जी तजवीज पर्जन्याच्या दृष्टान्तात आहे, ती या दृष्टान्तात टिकत नाही. ईश्वराविषयी यावरून काय सिद्ध होते हे मी सांगू शकत नाही, आणि एका यंत्रावरून ते सिद्ध होते असे म्हणणारा माणूस विश्वासार्ह नव्हे. परंतु ‘दाता तटस्थ, भेद केवळ पात्रात’ हे निसर्गाचे सार्वत्रिक विधान म्हणून यापुढे उच्चारता येणार नाही, एवढे निश्चित.

स्वीडनमध्ये गोथेनबर्ग येथील चाल्मर्स विद्यापीठात याच क्षेत्रात जे काम झाले त्यातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. तेथे पाण्यातील सोन्याच्या गोल कणांवर वर्तुळ-ध्रुवित प्रकाश सोडला गेला, आणि ते सेकंदाला काही हजार फेरे घेऊ लागले. पुढे २०१५ साली सोन्याच्या सूक्ष्म दांड्यांनी त्याच रीतीने सेकंदाला ४२ हजार फेऱ्यांपर्यंत मजल मारली. पूर्ण गोल आणि पूर्ण पारदर्शक कण अशा प्रकाशात फिरणार नाही, कारण तो प्रकाशातून काही घेत नाही. सोन्याचा गोल कण फिरतो, कारण तो प्रकाश शोषतो, आणि शोषलेल्या प्रत्येक कणिकेबरोबर तिचा पीळही आपल्या अंगावर घेतो. दांडीच्या बाबतीत शोषण्यापेक्षा विखुरण्याचा वाटा मोठा असतो, म्हणून ती कमी तापून जास्त फिरते. पण विखुरणे म्हणजेही आलेल्या प्रकाशाची गती पालटणेच होय, आणि त्या पालटण्याचा हिशेब पूर्ण चुकता व्हावाच लागतो. जितका पीळ कणाला मिळाला तितका प्रकाशातून गेला. या जमाखर्चात एका पैची तफावत निसर्ग खपवून घेत नाही.

त्या सूक्ष्म विश्वात दुसरेही एक परिचित उदाहरण निकामी होते, त्याची येथे नोंद करतो. जीवन्मुक्ताचा देह ज्ञानानंतरही का टिकतो, याला सांख्यकारिकेने आणि तिच्यामागून वेदान्त्यांनी कुंभाराच्या चाकाचा दाखला दिला आहे: कुंभाराने हात काढून घेतला तरी पूर्वीच्या वेगाने चाक काही काळ फिरतच राहते. सोन्याच्या या कणांना असा पूर्ववेग नसतो. त्यांच्या आकारमानाला पाणी इतके दाट ठरते, आणि त्यांचे स्वतःचे जडत्व इतके नगण्य, की प्रकाश थांबला की त्याच क्षणी त्यांचे नियत फिरणे थांबते आणि उरते ती पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी होणारी दिशाहीन थरथर. त्यांना संचित नाही, प्रारब्ध नाही. त्यांचा प्रत्येक फेरा त्या त्या क्षणी येणाऱ्या प्रकाशाचाच आहे. एकदा गती देऊन बाजूला झालेला कर्ता आणि क्षणोक्षणी गती पुरवणारा कर्ता, हा भेद ईश्वरवादी दर्शनांमध्ये मोठ्या वादाचा विषय राहिला आहे. येथे तो दुसऱ्या प्रकारचा, इतके स्वच्छ दिसते.

वेदान्ताचा अभ्यासक यावर गप्प बसणार नाही, आणि बसूही नये. तो म्हणेल की आमचा प्रकाश हा नव्हेच. आचार्यांनीच सांगून ठेवले आहे की प्रकाशण्याजोगा विषय नसतानाही सूर्य प्रकाशतो असेच आपण म्हणतो. चैतन्याचे प्रकाशणे हे त्याचे स्वरूप आहे, कोणत्या वस्तूवर केलेली क्रिया नव्हे. शिवाय दृष्टान्त नेहमी एकदेशी असतो. दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक यांच्यामध्ये अभिप्रेत अंशाखेरीज सर्व बाबतींत साम्य कोणालाही दाखवता येणार नाही, हेही आचार्यांनी तिसऱ्या अध्यायात बजावले आहे. मुख चंद्रासारखे म्हटले म्हणजे त्यावर डागही शोधायचे नसतात.

हे दोन्ही आक्षेप वजनदार आहेत आणि त्यांतला पहिला मी मान्य करतो. रिकाम्या नाट्यशाळेत प्रकाशणारा दिवा कोणाला स्पर्श करीत नाही असे म्हणायचे असेल, तर ते, भिंती विसरून, म्हणता येईल. निर्वात पोकळीतून कोट्यवधी वर्षे चाललेला किरण कोणाला ढकलीत नाही. परंतु ज्या क्षणी तो नर्तकीला उजळतो, त्या क्षणी तो तिला ढकलतोही. उजळणे आणि ढकलणे या दोन क्रिया नाहीत, एकाच घटनेची ती दोन अंगे आहेत. इलेक्ट्रॉन पाहायचा तर त्याच्यावर प्रकाश आदळवावा लागतो आणि आदळलेला प्रकाश त्याला जागेवर राहू देत नाही, हे हायझेनबर्गने १९२७ साली दाखवून दिले, तेही याच जातीचे आहे. तेव्हा साक्षी जर कशाचाच साक्षी नसेल तर तो अस्पर्श राहू शकतो. नर्तकीचा साक्षी असेल तर दिव्याच्या दृष्टान्ताने तो अस्पर्श ठरत नाही. दुसऱ्या आक्षेपाला उत्तर आचार्यांच्याच वाक्यात आहे. अभिप्रेत अंशात साम्य हवे, इतर अंशांत नसले तरी चालेल. नाटकदीपात अभिप्रेत अंश कोणता? वात नव्हे, तेल नव्हे, उष्णता नव्हे. उजळूनही काही न करणे, हाच तो अंश. आणि प्रयोगाने नेमका तोच गेला. चंद्राचा डाग दाखवून कोणी उपमा मोडीत नाही, पण चंद्र आल्हादकच नाही असे ठरले तर ती कशाच्या आधारावर उभी राहील?

मग दुसरा दृष्टान्त शोधावा, असे कोणी म्हणेल. परंपरेच्या भांडारात आणखीही आहेत. लोहचुंबक स्वतः न हलता लोखंडाला हलवतो, असे शंकराचार्यांनी ईश्वराच्या प्रवर्तकत्वासाठी सांगितले. न्यूटननंतर आपल्याला माहीत आहे की लोखंडही चुंबकाला तितक्याच बलाने ओढीत असते. चुंबक हलत नाही तो केवळ जड असतो किंवा कोणीतरी धरून ठेवलेला असतो म्हणून. गीतेच्या तेराव्या अध्यायात सर्वत्र भरूनही लिप्त न होणारे आकाश आले आहे. आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धान्तानंतर, आणि १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण वाकलेले आढळल्यानंतर, आकाशही वस्तूंच्या सान्निध्याने वाकते हे मान्य करावे लागले. आणि ज्या सूर्याला कठोपनिषदाने जगाचा डोळा असूनही बाह्य दोषांनी न माखणारा म्हटले, तो केवळ प्रकाश देण्यात दर सेकंदाला सुमारे चाळीस लाख टन आपले वस्तुमान गमावतो. जिथे पाहावे तिथे तोच नियम. स्वतः न बदलता दुसऱ्याला बदलणारा, किंवा स्पर्श न करता दाखवणारा, असा एकही पदार्थ निसर्गाच्या दप्तरात नोंदलेला नाही.

याचा अर्थ अकर्ता साक्षी खोटा ठरला असा होत नाही. दृष्टान्त गेला म्हणून सिद्धान्त जात नाही, हा न्यायाचा पहिला पाठ आहे. अर्थ एवढाच, की ज्याला तो सिद्धान्त ठेवायचा आहे त्याने तो निसर्गाच्या साक्षीवर न ठेवता श्रुतीवर आणि स्वानुभवावर ठेवावा, आणि त्याविषयी बोलताना ‘हे नव्हे, हे नव्हे’ या उपनिषदांच्या जुन्या आणि अधिक प्रामाणिक मार्गाने बोलावे. निसर्गातल्या कशासारखाच जो नाही त्याला दिव्यासारखा म्हणून सोपा करू नये.

मात्र दुसऱ्या दिव्याविषयी माझे मत निराळे आहे. नाटकदीपाची आणि ज्ञानदेवांच्या दिव्याची गणना आपण एकाच वर्गात करतो, ती मला चुकीची वाटते. ज्ञानदेव त्या दिव्याविषयी नेमके काय सांगतात ते पुन्हा नीट पाहावे. तो नियमन करीत नाही, निवारण करीत नाही, कोणाच्या उद्योगाची चौकशी करीत नाही. आणि त्याच वेळी घरातल्या व्यवहारांच्या प्रवृत्तीचा हेतू तो आहे, असेही ते स्वच्छ म्हणतात. तो काही करीतच नाही असे त्यांनी म्हटलेले नाही. त्यांनी त्याची जी अलिप्तता सांगितली ती आसक्तीच्या अभावाची आहे, स्पर्शाच्या अभावाची नव्हे. प्रयोगशाळेतला प्रकाश याच वर्णनाला बिनशर्त उतरतो. तो सोन्याला ढकलतो, पिळतो, फिरवतो, त्यासाठी आपल्यातले काही खर्च करतो, आणि फिरण्याचा आग्रह मात्र धरीत नाही. स्पर्श आहे, व्यय आहे, पण हक्क सांगणे नाही. अस्पर्शतेचा दृष्टान्त म्हणून दिवा बाद झाला. अनासक्तीचा दृष्टान्त म्हणून तो पूर्वीपेक्षा अधिक भक्कम झाला आहे, कारण आता त्याची अनासक्ती ही काही न देणाऱ्याची अनासक्ती उरलेली नाही. ज्या ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’त दृश्य आणि द्रष्टा हे एकाच चैतन्याचे स्फुरण मानले, त्यांच्याकडून दिव्याची अशी मांडणी व्हावी हे मला स्वाभाविक वाटते, आणि ज्या संप्रदायाने जनाबाईच्या जात्याला हात लावणारा देव मानला, त्या संप्रदायाला काहीही न करणाऱ्या दिव्याची गरजही फारशी नव्हती.

यातून व्यवहारात जो फरक पडतो तो लहान नाही. साक्षीभाव हा आपल्याकडे अनेकदा कर्तव्यातून सुटण्याचा परवाना म्हणून वापरला गेला आहे. समोर अन्याय चालला असता ‘मी केवळ पाहणारा’ असे म्हणून स्वस्थ राहणाऱ्याने दिव्याकडे बोट दाखवले आहे. त्याला आता दिवा साक्ष देणार नाही. पाहणारा पाहतानाच प्रसंगात सामील झालेला असतो. आसक्त न होता सामील व्हायचे की आसक्त होऊन, एवढीच निवड त्याच्या हाती असते.

येथे एक वस्तुस्थिती नोंदवली पाहिजे, जी बर्कली आणि गोथेनबर्गच्या पुष्कळ आधीची आहे. हिरव्या पानातील हरितद्रव्य प्रकाश घेते, त्या ऊर्जेने पडद्याच्या एका अंगाला प्रोटॉन साचतात, आणि परत जाताना ते एका प्रथिनाचा दांडा अक्षरशः फिरवतात. त्या फिरण्यातून पेशीला वापरता येणारी शक्ती घडते. या फिरत्या प्रथिनाच्या उलगड्यासाठी पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, आणि त्याच वर्षी जपानी संशोधकांनी जिवाणूपासून काढलेल्या अशाच प्रथिनाचे फिरणे सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहिले. येथे प्रकाश चाक सरळ ढकलीत नाही, मध्ये अनेक पायऱ्या आहेत. पण प्रकाश थांबला की पानातली ती चाके काही वेळातच मंदावतात. विठोबाच्या गळ्यातील तुळशीचे प्रत्येक पान, ते खुडले जाईपर्यंत, अशा कोट्यवधी चाकांनी भरलेले असते.

नवव्या अध्यायावर प्रवचन करणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी ज्ञानदेवांच्या त्या ओव्या आजवर सांगितल्या त्याच श्रद्धेने सांगाव्यात, परंतु दिवा काहीच करीत नाही हे वाक्य आपल्या पदरचे त्यांत घालू नये; आणि ऐकणाऱ्यांमध्ये पदार्थविज्ञान शिकवणारा कोणी बसला असेल, तर त्याला पुढे बोलावून उजेडाचे वजन किती भरते ते सभेला सांगायला लावावे. लौकिक आणि परीक्षक यांची बुद्धी जिथे जुळते तोच दृष्टान्त, ही गौतमांची अट त्याशिवाय पुरी होणार नाही.